लहानूने पुठ्ठ्यावरचा देव बदलला

लहानूइतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्या प्रामाणिकपणाने मला जेवढा ताप दिला तेवढा कुणाच्या लबाडीनेही दिला नाही. नाव लहानू, उंची दाराच्या चौकटीला टेकणारी. काही विचारलं की आधी दोन्ही हात पँटीला पुसायचा आणि मग उत्तर द्यायचा. हात स्वच्छ असले तरी पुसायचा. वनखात्याच्या रोपवाटिकेत तो रोजीवर होता. पॉलिथिनच्या काळ्या पिशव्यांत माती भरायची, आवळ्याची, बांबूची रोपं लावायची, झारीने पाणी घालायचं, हे त्याचं काम. गाव कुरखेड्यापासून नऊ किलोमीटर आत, जंगलाकडे. दर रविवारी तो सायकल हाणत आमच्या दुकानात यायचा, आणि आमच्या खेळातला पुजारी व्हायचा.

खेळाचं आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. तसा तो होताच म्हणा.

माझे अब्बा बाबूभाई कुरखेड्यात बाइंडिंगचं काम करायचे. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, सगळं आमच्याकडे शिवायला यायचं. दोन हजार दोन साली माझा आतेभाऊ जिशान नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एका परदेशी खेळाच्या पुस्तकाच्या झेरॉक्स बांधायला देऊन गेला आणि विसरला. मी बी.ए. होऊन दुकानात बसले होते आणि सगळ्या जगावर चिडलेली होते. डिक्शनरी घेऊन ते पुस्तक चार महिन्यांत फोडलं. त्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. चारपाच जणांनी गोल बसायचं, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार, कुणी पुजारी. एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी आपापल्या सोंगाने त्या गोष्टीत जगायचं. वार लागला की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. तसला फासा कुरखेड्यात कुठून मिळणार? मी वीस चिंचोक्यांवर शाईने आकडे घातले, ते अब्बांच्या पानाच्या रिकाम्या डब्यात टाकले, आणि डोळे मिटून एक उचलायचा असा नियम केला. गोष्ट अर्थातच मी चालवायची. मला हुकूम सोडायला फार आवडतं, हे घरात कुणाला नवीन नाही. लहानू मला खेळाची पाटलीण म्हणायचा.

योद्धा होता माझा भाऊ कैफ. बारावीत होता आणि अभ्यास सोडून काहीही करायला तयार असायचा. लहानू पहिल्यांदा आला तो रोपवाटिकेचं रजिस्टर शिवून न्यायला. आम्ही काय करतोय ते तो दारात उभा राहून अर्धा तास बघत राहिला. मग हात पुसले आणि विचारलं की यात देव कुठे आहेत.

देवांचं प्रकरण असं होतं. त्या खेळात जादू दोन जातीची. जादूगार पोथ्या वाचून शिकतो, ती त्याच्या डोक्यातली, त्याच्या मालकीची. पुजाऱ्याची जादू मात्र देवाची. रोज पहाटे पुजाऱ्याने देवापुढे बसायचं, आज कुठले मंत्र लागतील ते आधीच मागून घ्यायचं, आणि दिवसभर तेवढ्यातच भागवायचं. तीन जखमा भरायचे मागितले असतील तर चौथी जखम सहसा भरत नाही. आणि देव फुकट देत नाही. प्रत्येक देवाचा एक स्वभाव असतो, तो नऊ घरांच्या तक्त्यात बसवलेला. आडवं बघितलं तर नियमाने चालणारा, मधला, मनमौजी. उभं बघितलं तर भला, मधला, बुरा. पुजाऱ्याचाही स्वभाव त्याच घरात किंवा लागून असलेल्या घरात पाहिजे. पुजारी फार भरकटला, किंवा त्याने देव सोडला, तर सगळे मंत्र त्याच क्षणी जातात. मग नवा देव धरायचा, तो सांगेल ते अवघड काम करून दाखवायचं, आणि पसंत पडलं तर मंत्र परत.

मी बाइंडिंगच्या पुठ्ठ्यावर नऊ घरं आखून देव बसवायला घेतले तेव्हा अब्बांनी चष्म्यावरून पाहिलं. देव बनवून राहिलीस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कागदाचे आहेत. त्यांनी बराच विचार केला आणि एकच अट घातली, की कुणाच्या घरचा देव यात आणायचा नाही, आपल्याही नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. म्हणून मी सगळे कोरे देव केले. उजेडाचा आणि खऱ्या बोलण्याचा तिरीप, नियमाचा आणि भला. डोहातल्या भोवऱ्याची भोवरी, भली पण मनमौजी. वजनमापाचा मापारी, जो भलाही नाही आणि बुराही नाही. आणि अंधाराचा काजळ्या, ज्याच्या गुहेत मढी चालतात.

लहानूने पुठ्ठा हातात घेतला आणि बराच वेळ नऊ घरांवरून बोट फिरवलं. मग त्याचा चेहरा असा उजळला की मलाच काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं. हे तर आपलंच आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. लहानू गोंड. त्यांच्यात प्रत्येक घराण्याचे देव मोजलेले असतात. कुणी चार देवे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. आडनाव ऐकलं की जाणता माणूस आकडा सांगतो. एका आकड्याचे सगळे भाऊ-बहीण, त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक करायची तर आकडा वेगळा पाहिजे. लहानू सहा देवाचा. मी त्याला सांगितलं की बाबा, हे तक्त्यावरचं स्वभावाचं गणित आहे, सोयरिकीचं नाही. तो हो म्हणाला, पण ऐकलं नाही.

त्याने तिरीप घेतला, आणि घेतला म्हणजे खरंच घेतला. पुस्तकात पहाटे मंत्र मागायचे लिहिलंय म्हणून हा पठ्ठ्या आठवडाभर रोज पहाटे रोपांच्या वाफ्याशी बसून मंत्र मागायचा. रविवारी येताना खिशात चिठ्ठी: आज जखमा भरणे तीन, उजेड पाडणे एक. बुधवारी काय मागितलं होतं तेही सांगायचा, जरी बुधवारी आमचा खेळ नसायचा. एकदा मरायला टेकलेल्या आवळ्याच्या रोपावर जखम भरायचा मंत्र टाकल्याचं त्याने कबूल केलं, आणि त्या दिवशीचा एक मंत्र स्वतःहून कमी करून घेतला. कैफ त्याच्या पाया पडला. रोप जगलं, हेही लहानूने कळवलं.

वर्ष असं मजेत गेलं आणि मग मंगली आली.

मंगली जवळच्या गावात बालवाडी चालवायची. तीही आमच्याकडे रजिस्टर शिवायलाच आली. आमच्या खेळात माणसं त्याच दाराने यायची. ठेंगणी, चटपटीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. रजिस्टरवर घालायला मी नाव विचारलं, तिने आडनावासकट सांगितलं, आणि पलीकडे लहानूच्या हातून चिंचोक्यांचा डबा सुटला. वीसच्या वीस चिंचोके दुकानभर. मी समजले. आडनावं इथे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर त्यांच्याकडचे जाणते लोक माझी मोजणी तपासत बसतील. मंगली सात देवाची होती, एवढं पुरे. सहा आणि सात. लहानू जमिनीवर रांगत चिंचोके गोळा करत होता आणि गालातल्या गालात हसत होता. सतरा नंबरचा चिंचोका मंगलीने उचलून दिला. तो त्याने घेतला आणि आभार मानायच्या ऐवजी हात पँटीला पुसले.

दुसऱ्या रविवारी मंगली खेळायला हजर. तिलाही पुजारीच व्हायचं होतं. कोणता देव चांगला, असं तिने विचारलं, आणि लहानूने, जो तिच्यासमोर तोवर एक धड वाक्य बोलला नव्हता, तिरीपचं असं गुणगान केलं की मला माझ्याच देवाचा अभिमान वाटला. तिरीप किती भला, किती खरा, मागितलेलं कसं देतो. मंगली म्हणाली, मग मलाही तोच द्या.

आता माझी चूक. मला नाटक फार. मी म्हटलं, देव असा घेत नाहीत, शपथ पाहिजे. घरातून मूठभर तांदूळ आणले, अर्धे लहानूच्या मुठीत, अर्धे मंगलीच्या, आणि दोघांकडून एकत्र म्हणवून घेतलं की आम्ही तिरीपचे, तिरीप आमचा. म्हणता म्हणता लहानू आपल्या मुठीतल्या तांदळांकडे बघायला लागला. शेवटी मूठ उघडली तेव्हा तो माणूस उन्हात विसरलेल्या रोपासारखा दिसत होता. मी म्हटलं, पित्त झालं असेल.

त्यानंतरच्या रविवारी तो मंगलीला बाई म्हणाला. आमच्याकडे बाई सगळ्यांनाच म्हणतात, मलाही तो नाहीदबाईच म्हणायचा. पण मंगलीला तोवर त्याने काहीच म्हटलं नव्हतं, आणि त्या काहीच न म्हणण्यात जी मजा होती ती त्या एका बाई शब्दाने संपली. तिच्याकडे बघणं बंद. तिने रानातून आणलेल्या चारोळ्या खाणं बंद. मंगली आधी गोंधळली, मग रागावली, आणि मग तिने चारोळ्या फक्त कैफला द्यायला सुरुवात केली. कैफला कारण कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही.

महिनाभराने माझा संयम सुटला. तसा तो फार मोठा नसतोच. मी लुना काढली आणि रोपवाटिकेत जाऊन त्याला गाठलं. त्याने झारी खाली ठेवली, हात पुसले, आणि जे सांगितलं ते ऐकून मी तिथल्या विटांवर बसले. तांदूळ हातात धरून एका देवाचे झालो, म्हणजे भाऊ-बहीण झालो. आता तिला मागणी कशी घालायची?

मी त्याला दहा प्रकारे समजावलं. तिरीप मी बनवला आहे. मंगळवारी दुपारी, जेवण झाल्यावर, आळस आला होता तेव्हा बनवला आहे. पुठ्ठा तर रजिस्टराचा उरलेला आहे. लहानूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "देव खोटा असन, नाहीदबाई. तांदूळ त खरे होते. अन् बोललो मीच होतो."

तांदूळ मीच आणले होते.

वर त्याने आणखी एक सांगितलं. होळीनंतर मंगलीला बघायला कोरचीकडून पाहुणे येणार होते. म्हणजे हातात दोन रविवार. मी म्हटलं, मग देव बदल, नियमातच लिहिलं आहे. तो म्हणाला, बदलला तर मंत्र जातील, आणि आपण सगळे काजळ्याच्या गुहेत अडकलो आहोत, कैफभाऊ मरेल. मला हसावं की रडावं कळेना. मंगली एका बाजूला, कैफची कागदावरची तलवार दुसऱ्या बाजूला, आणि हा माणूस खरोखर तोलत होता. त्याला दोन्ही खरंच वाटत होतं. त्या क्षणी मला तो इतका आवडला की मी रागाने लुनाला चार किका जास्त मारल्या.

पहिला रविवार त्याने नुसता घाम पुसण्यात घालवला. दुसरा रविवार उजाडला.

गुहेत त्या दिवशी मी दया दाखवली नाही. तीन बाजूंनी मढी, कैफचा योद्धा खाली पडलेला, दर फेरीला त्याचा जीव एकेक पायरी उतरतोय. लहानूचे जखमांचे तिन्ही मंत्र संपले होते. मंगलीजवळ एकच उरला होता, तोही उजेडाचा. सुटकेची वाट मला पुस्तकात एकच दिसत होती. एका देवाचे दोन पुजारी हात धरून एकत्र हाक मारतील तर देवाचा मोठा उजेड पडतो आणि मढी राख होतात. हे मी वाचून दाखवलं आणि वाचतानाच जीभ चावली, पण उशीर झाला होता.

मंगलीने टेबलावरून हात पुढे केला. महिनाभराचा राग तिच्या आवाजात होता. "चाल, भाऊ," ती म्हणाली. भाऊ शब्दावर तिने चांगलाच जोर दिला.

लहानू उभा राहिला. आमच्या दुकानाचं छत ठेंगणं, त्याचं डोकं बल्बला लागलं आणि सगळ्यांच्या सावल्या हलायला लागल्या. त्याने चपला काढल्या. खिशातून रुमालाची गाठ सोडली. त्यात शपथेच्या दिवशीचे तांदूळ होते, जपून ठेवलेले. ते त्याने पुठ्ठ्यावर तिरीपच्या घरात परत ठेवले, हात जोडले, आणि सांगितलं की देवा, तू चांगला आहेस, तुझी काही चूक नाही, पण मी तुला सोडतो.

कैफने डोक्याला हात लावला. अरे मी मरतोय, आधी उजेड पाडा आणि मग काय सोडायचं ते सोडा, अशी त्याची विनवणी चालली होती. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मंगलीचा हात अजून टेबलावर तसाच पुढे होता.

"माह्यासंगं एका देवात बसणंही जमत नाई का तुले?" तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

लहानूने हात पुसले. पुन्हा पुसले. त्याचे कान जांभळे झाले होते.

"एका देवाचे झालो त भाऊ-बहीण होतो," तो म्हणाला. "मले तुहा भाऊ नाई व्हायचं."

बाहेर उभ्या सायकलीची घंटी कुणीतरी सहज वाजवली. मी चेहरा गुहेसारखा ठेवला होता. खेळ चालवणारीने हसायचं नसतं.

मंगलीने हात मागे घेतला. आधी माझ्याकडे वळून अगदी कामकाजी आवाजात म्हणाली, की भल्या देवाच्या पुजाऱ्याला कुठलाही मंत्र मोडून जखम भरता येते, पान चाळीसवर आहे, तर माझा उजेड मोडा आणि कैफला उठवा. मी मोडला. कैफ उठला. हे झाल्यावर ती लहानूकडे वळली.

"तू सहा देवाचा, मी सात देवाची," ती म्हणाली. "इथं पडलेल्या रोपवाटिकेच्या रजिस्टरावर तुहं आडनाव वाचलं त्याच रोजी मोजलं होतं मी. चिंचोका द्यायच्या आधी."

लहानू खाली बसला. बसताना कोपर डब्याला लागलं. डबा पुन्हा सांडला. या वेळी चिंचोके कुणीच उचलले नाहीत. तो हसायला लागला, मग मंगली हसायला लागली, आणि कैफ, ज्याला अजून धड काही कळलं नव्हतं, तोही हसायला लागला, कारण तो जिवंत होता. अब्बा आतून विचारत होते की काय पडलं. मी ओरडून सांगितलं, काही नाही, देव पडला एक.

पण लहानू तो लहानूच. हसू ओसरताच त्याने पुठ्ठ्यावर भोवरीच्या घरावर बोट ठेवलं आणि मला विचारलं की आता नव्या देवीचं काम कोणतं. नियमाप्रमाणे अवघड काम पाहिजे, सोपं द्यायचं नाही, हेही त्यानेच बजावलं.

आयुष्यात फार थोड्या वेळा मला बरोबर वेळी बरोबर गोष्ट सुचली आहे. मी आवाज खोल केला, डोहातून यावा तसा, आणि भोवरी बोलली. आत्ता जे वाक्य मंगलीला सांगितलंस, ते तिच्या बापाला सांग. होळीच्या आत. तोवर एकही मंत्र मिळणार नाही.

लहानूचा रंग उडाला. मंगलीचा बाप तालुक्यात कडक म्हणून माहीत होता, काजळ्या त्याच्यापुढे काहीच नव्हता. मंगलीने कैफपुढची चारोळ्यांची पुडी उचलली आणि लहानूपुढे सरकवली.

त्या आठवड्यात मी दुकानात चार रजिस्टरं उलटी शिवली. बापाने हाकललं असेल तर? पाहुणे आधीच आले असतील तर? एका मनमौजी देवीच्या तोंडून मी माणसाला कुठे पाठवून बसले?

रविवारी अकरा वाजता सायकल दारात लागली. मागच्या कॅरिअरवर मंगली बसली होती, पण मी ते नंतर पाहिलं. आधी लहानू आत आला. सदरा नवा होता. तो मामाला घेऊन गेला होता, दोन दिवस बोलणी चालली, सासऱ्याने त्याच्याकडून अख्खं कुंपण बांधून घेतलं आणि मगच होकार दिला, हे सगळं मला पुढे मंगलीने सांगितलं. त्याने स्वतः यातलं अवाक्षर काढलं नाही.

त्याने हात पँटीला पुसले आणि खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. जखमा भरणे तीन, उजेड पाडणे एक.

"भोवरीचं काम झालं," तो म्हणाला. "मंत्र द्या."